खोली मोठी दिसावी म्हणून

सोमवार, ४ मार्च

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक कुंडी, रंगांच्या पट्ट्यांचा गठ्ठा आणि मी. नवी विटी, नवं राज्य. ही वही ताईने दिलीय. म्हणाली, तुझी बडबड ऐकायला तिथे कोणी नसणार, तेव्हा हिच्यापाशी बोल आणि माझे कान सोड.

काम असं मिळालंय की सांगितलं तर लोक थाप समजतील. सातव्या मजल्यावरचा नमुना फ्लॅट मी सजवायचा आणि मीच त्यात राहायचं. बाकीची इमारत अजून रिकामी आहे, तळाला फक्त विक्रीचं ऑफिस. गिऱ्हाईक वर आलं की घर नांदतं दिसलं पाहिजे. ओट्यावर धुतलेला कप, खुर्चीवर टाकलेली शाल, पलंगाशेजारी अर्धवट वाचलेलं पुस्तक. रिकामं घर विकत नाही, नांदतं विकतं, असं विक्रीच्या बाईंचं म्हणणं. या बाई सगळ्यांना ‘माय डिअर’ म्हणतात आणि प्रत्येक वाक्य साखरेत घोळवून बाहेर काढतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव साखरबाई ठेवलंय.

लग्नाच्या घरात इतकी वर्षं काढली, पण एक पडदा माझ्या मनासारखा लावता आला नाही. मी खिडकीशी उभी राहिले की उजेड अडतो, असं सासूबाई म्हणायच्या आणि नवरा मान डोलवायचा. इथे तीन बाजूंनी उजेड आहे. मी मुद्दाम प्रत्येक खिडकीशी जाऊन उभी राहिले. कोणी काही म्हणालं नाही.

बुधवार, ६ मार्च

आमच्या धंद्यातली एक लबाडी लिहून ठेवते. नमुना फ्लॅटमधलं फर्निचर खऱ्या मापाचं नसतं. पलंग आखूड, सोफा उथळ, जेवायचं टेबल जरासं अरुंद. कपाटांना दारंच नाहीत, कारण दार उघडलं की जागा खातं. खुर्च्या पारदर्शक, म्हणजे नजर आरपार जाते. गिऱ्हाईक आत येतं, ‘किती मोठी खोली!’ म्हणतं, आणि आपल्या घरचा पलंग इथे मावणार नाही हे त्याच्या डोक्यात येतच नाही. माल तोच, मोजायची काठी लहान.

आता हे सगळं मीच ठरवलं आणि मलाच त्यात झोपायचंय. हात दाखवून अवलक्षण! रात्रभर पाय पलंगाबाहेर लोंबत होते. ताईला फोन केला तर ती पोट धरून हसली. म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंही शिकवलं नाही का तुला कोणी.

मी पाच फूट दहा इंच आहे. शाळेपासून ‘शिडी’. आई म्हणायची की हिला स्थळ नको, विजेचा खांब बघा. आयुष्यभर लोकांनी सांगितलं की जरा वाकून चाल, जरा मागे बस, फोटोत खाली बस. एकदाही वाकले नाही. नवऱ्याकडून निघाले तेव्हा भांडी सोडली, दागिने सोडले, ही उंची तेवढी घेऊन निघाले. ती माझी आहे, कोणाच्या बापाची नाही.

रविवार, १० मार्च

हॉल सजवून झाला. भिंतींना दुधाच्या सायीचा रंग, छताला त्याहून एक पट्टी फिका. पडदे थेट छतापासून जमिनीपर्यंत, म्हणजे भिंत उंच वाटते. खिडकीसमोर मोठा आरसा, उजेड दुप्पट. दहा लहान चित्रांऐवजी एकच मोठं. सोफ्याला बारीक पाय, खालची फरशी दिसत राहिली पाहिजे. सामान कमी, आणि जे आहे ते भिंतीला चिकटलेलं नको. हे सगळं आजकाल कुठल्याही मासिकात छापून येतं, पण ते कुठे थांबवायचं ते मासिकात छापत नाहीत. तिथे आपण लागतो.

सुतारकाका शेल्फ ठोकत होते आणि कुरकुरत होते की बाई टेप का वापरत नाहीत. मी टेप कधीच वापरत नाही. माझी वीत बरोबर नऊ इंचांची आहे, कॉलेजात तपासून घेतलीय. आपला हात जगन्नाथ! हॉलची लांब भिंत बावीस वीत भरली, नकाशाशी तंतोतंत. काकांनी टेप लावून बघितला आणि तोंड वाकडं करून पुन्हा ठोकायला लागले. मला फार बरं वाटलं.

शनिवार, १६ मार्च

काय सांगू! खोली खरंच मोठी वाटायला लागलीय. गिऱ्हाइकांना वाटते ते सोडा, त्यांना वाटायलाच हवी, पण मला वाटतेय, जिने स्वतः ही जादू केली तिला. सकाळी उठले तर पलंग ऐसपैस. पाय बाहेर नाहीत. माणसाला कशाचीही सवय होते हेच खरं, मी झोपेत अंग चोरायला शिकले असेन.

गंमत म्हणून भिंत पुन्हा मोजली. तेवीस वीत आणि वर चार बोटं. गेल्या वेळी मोजण्यात चुकले वाटतं. काकांच्या टेपलाही तेव्हाच चुकायचं होतं का, म्हणून हसले.

साखरबाई खूश आहेत. आज एका जोडप्याने दारातच ‘अहाहा’ केलं. बाई मला म्हणाल्या की माय डिअर, तुमच्या हाताला यश आहे. मीही लाजले नाही, हो म्हटलं.

बुधवार, २० मार्च

सुतारकाकांना फोनवर चांगलं फैलावर घेतलं. ओट्यावरचं शेल्फ त्यांनी इतकं उंच ठोकलंय की माझा हात पुरत नाही. माझा! मी ज्या घरात असेन तिथे पंखे पुसायला स्टूल लागत नाही. काका म्हणाले की तुमच्यासमोर, तुम्ही दाखवली त्याच खुणेवर ठोकलं. उद्या येऊन बघतो म्हणाले.

शर्टाच्या बाह्या बोटांवर येतात. धुतल्यावर कपडे आटतात हे माहीत होतं, वाढलेले आजच पाहिले.

गुरुवार, २१ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

काका आले. मला बघून दारात थबकले. मग शेल्फ मोजलं. खुणेवरच आहे, केसभरही इकडेतिकडे नाही. मी म्हटलं, मग भिंत मोजा, कारण आज माझ्या वितीने साडेपंचवीस भरतेय. काकांनी टेप लावला. नकाशापेक्षा अर्धा फूट जास्त. पुन्हा लावला, तेच. मग माझी वीत मोजली. आठ इंच. मग मला चौकटीला टेकवून उभं केलं.

पाच फूट अडीच इंच.

काका म्हणाले, टेप बिघडला. त्यांना मी हलत होते असंही वाटलं, मी चपला घातल्या नव्हत्या म्हणूनही वाटलं, सगळं एका दमात बोलून झालं. टेप तिथेच टाकून ते जिन्याने उतरले, लिफ्टची वाट न बघता. फोन केला तर उचलत नाहीत.

खोली मोठी वाटत नव्हती. मी लहान होत होते. आणि खोली खरंच वाढत होती, माझ्या जिवावर. मी रोज सकाळी कौतुकाने हात फिरवत होते त्या भिंतीवर. किती मूर्ख आहे मी, किती मूर्ख!

शुक्रवार, २२ मार्च

दिवसभर बाहेर राहिले. घरापासून लांब गेलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. बसमध्ये वरचा दांडा टाचा उंचावून धरावा लागला. दुकानात वरच्या फळीवरचं दुसऱ्याकडून काढून घ्यावं लागलं. संध्याकाळी दुकानाच्या आरशासमोर उभी राहून टेप लावला. कमी झाले नव्हते, पण वाढलेही नव्हते. म्हणजे बाहेर राहिलं तर जेवढी उरलेय तेवढी उरेन.

ताईला खरं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली की घटस्फोटाने तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, गाडीत बस आणि माझ्याकडे ये. तिचं चुकत नाही. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

पण जाऊ कशी? माझे साडेसात इंच त्या घरात आहेत. बारा वर्षं एका घराने सांगितलं की कमी हो, तेव्हा मी झाले नाही. आता दुसऱ्या घराला फुकट देऊन निघू? घेतल्याशिवाय हलत नाही. ताईला एवढंच सांगितलं की थोडं काम बाकी आहे.

रविवार, २४ मार्च

काल रात्री झोपच नव्हती, पडून विचार करत होते. या घराला आम्ही सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट शिकवली, मोठं दिस. रंगाने सांगितलं, आरशाने सांगितलं, आखूड पलंगाने सांगितलं, येणाऱ्या प्रत्येक माणसाने ‘किती मोठं’ म्हणून पाठ थोपटली. ते शिकलं. हुशार विद्यार्थी आहे.

ठीक आहे. मग मास्तरीण मीच आहे, आणि खोली लहान कशी दिसते हेही मला येतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे करू नका म्हणून सांगितलं ते सगळं आता करायचं. छत गडद करायचं, म्हणजे खाली येतं. भिंतीला मोठ्ठ्या फुलांचा कागद. जाड, काळपट पडदे, खिडकीच्या निम्म्यापर्यंतच. भंगारवाल्याकडून भलीथोरली कपाटं, दारांसकट. आरसा भिंतीकडे तोंड करून. बसायला जागा राहू नये इतकं सामान. अशी कुरूप खोली करते की घराला स्वतःची लाज वाटली पाहिजे!

मंगळवार, २६ मार्च

हमालांनी तीन कपाटं वर चढवली. त्यातला एक म्हणाला की बाई, श्वास कुठून घ्यायचा इथे. मी त्याला चहा पाजला. छत मी स्वतः रंगवलं, स्टुलावर स्टूल ठेवून, मरून रंगाने. मान मोडली, केसांत रंग, पण गात होते.

साखरबाई दोन दिवस सुट्टीवर आहेत. हे उत्तमच.

बुधवार, २७ मार्च

अर्धा इंच परत आला! तीनदा मोजलं. पाच फूट तीन. काल पाच फूट अडीचच होते, त्याखाली गेले नव्हते आणि आज चढले. भिंतही टेपने बोटभर कमी भरली. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि तिला अंगठा दाखवला. अशी कशी जिरवली! सगळे इंच मोजून परत घेणार, एकही सोडणार नाही.

ताईला फोन करून म्हटलं की मूर्ती लहान पण कीर्ती महान. तिला काही कळलं नाही, पण मी हसतेय म्हणून तीही हसली.

शुक्रवार, २९ मार्च

बाजारातून परत आले तर दार सताड उघडं. साखरबाई, चार रंगारी, दोन हमाल. कपाटं जिन्यात. छत पांढरं झालेलं. रविवारी मोठे लोक येणार आहेत, बऱ्याच घरांचं एकदम बुकिंग व्हायचंय, आणि मी हे काय करून ठेवलं, असं त्या म्हणत होत्या. चिडल्याही नाहीत. साखर तशीच. माझ्याकडे खाली बघून बोलत होत्या आणि आपण खाली बघतोय हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. टेप लावून दाखवला. त्या टेपकडे बघेनात, भिंतीकडे बघत होत्या. अर्धा फूट जास्तीचा, हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. नकाशापेक्षा मोठं घर, माय डिअर, आणि त्याच किमतीत!

मी रंगाऱ्याच्या हातातला ब्रश ओढला. हमालांनी मला बाजूला केलं, उचलून. उचलून! आजपर्यंत मला कोणी उचललं नव्हतं.

दोन्ही भिंतींना आता आरसे आहेत. समोरासमोर. एकात बघितलं की खोलीत खोली, तिच्यात खोली, संपतच नाही.

शनिवार, ३० मार्च

चार फूटही नाही. हे एका रात्रीत.

निघायचं ठरवलं होतं, खरंच. हरले म्हणून नाही, ताईला घेऊन परत यायला. दाराची वरची कडी पोचत नाही. साखरबाई जाताना बाहेरून लॉक करून गेल्या, मी आत आहे हे त्यांच्या लक्षात नसेल. किंवा त्यांनी बघितलं आणि त्यांना कोणी दिसलं नाही.

स्टूल ओढलं. दोन्ही हात, सगळा जोर. जेवढं ओढते तेवढं दार लांब जातंय —

काकांची इथेच राहिलेली हातोडी उचलवत नाही. लिपस्टिक आहे. आरशावर रेघोट्या ओढल्या, हात पोचतो तिथपर्यंत. रेघोट्या ओढल्या की आरसा लहान होतो. बघू कोण थकतं आधी.

रविवार, ३१ मार्च

लोक आले होते. मी समोर उभी राहून ओरडले की घेऊ नका, हे घर माणसं खातं. एक बाई हसल्या, म्हणाल्या की किती जिवंत वाटतं ना, काहीतरी गाणं लावलंय वाटतं. सगळ्यांनी ‘किती मोठं’ म्हटलं. एकेकाच्या तोंडून. मी कान झाकून सोफ्याखाली —

गेल्यावर बाहेर आले. सोफ्याचे पाय माझ्याएवढे.

आरसे पुसून लख्ख केलेत कोणीतरी. परत रेघोट्या काढणार.

मंगळवार, २ एप्रिल

लिपस्टिक संपली. नखांनी काढते.

फोन जमिनीवर होता म्हणून बरं. ताईचा आला. त्याच्या पडद्यावर पाय देऊन उचलला. ती म्हणाली, एवढी किंचाळतेस का, कान फुटेल माझा. म्हणजे आवाज आहे! सगळं गेलं, आवाज नाही गेला. माणसांना कळत नाही तो भाग वेगळा, पण ताईला कळला. ती घाबरलीय. म्हणाली की तू आहेस तिथेच थांब, मी येते, आणि यावेळी ऐकून घेणार नाही.

नको म्हणायच्या आत फोन बंद पडला.

गुरुवार, ४ एप्रिल

आता मीच चार बोटं. पेन्सिलीचं तुटलेलं टोक खांद्यावर घेऊन लिहिते. एक पान म्हणजे अंगण. एक ओळ झाली की बसते.

रडले. खूप. मग फरशीला लाथ घातली. पाय दुखला. घराला काही झालं नाही, पण मी घातली.

लहान आहे. वाकलेली नाही.

शुक्रवार

ताई आली.

साखरबाईंनी दार उघडून दिलं. ताई हाका मारत प्रत्येक खोलीत गेली. मी ओरडले, पण मागून साखरबाई बोलतच होत्या, त्यांचं बोलणं संपत नाही. माझी बहीण बाहेर गेली असेल, येईल, मी थांबते इथेच, असं ताई म्हणाली. साखरबाई म्हणाल्या की अवश्य, माय डिअर, घर नांदतं राहील.

त्या गेल्या.

ताई सोफ्यावर बसलीय. पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या, पाय चोळतेय. तिचे पाय सुजलेत, प्रवासाने. माझी बुटकी, आडवी, हट्टी ताई. माझ्यासाठी आलीय.

इकडेतिकडे बघतेय. आत्ताच स्वतःशी म्हणाली की काहीही म्हणा, पोरीने काम सुंदर केलंय. आणि मग म्हणाली, गंमत आहे, आले तेव्हा ही खोली एवढी मोठी वाटली नव्हती —

नाही.

हिला नाही. माझं घेतलं तेवढं बस झालं. हिच्यातलं एक बोटसुद्धा देणार नाही, ऐकतेस का गं भिंती, एक बोटसुद्धा —

वही इथेच टाकते. तिच्या पायापर्यंत पळत जाते. ओरडते, सासर-माहेर दोन्ही ऐकतील एवढ्या मोठ्यांदा. नाही ऐकलं तर अंगठ्याला चावते. कडकडून. ती किंचाळून उठली पाहिजे, दाराबाहेर धावली पाहिजे, मागे न बघता, मला शिव्या देत

निघते. फरशी लांब होतेय. होऊ दे. ताई, ऊठ, ता